दोन दीनार आणि कपाटाची किल्ली

"सलाम बाई. मी खडकीला राहते, वय ५२. एका खासगी हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. ड्यूटीवरून आले की त्यांचं सगळं मीच करते. दीर विश्रांतवाडीला असतात, रविवारी येऊन भेटून जातात. आमच्या चर्चच्या मंडळीत मी महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेचा वर्गही माझ्याकडे आहे. मला पाच वर्षांपासून शुगर आहे. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.८ आली. डॉक्टर ओरडले, रोज चाला, वेळेवर जेवा, झोपा म्हणाले. पण चालायला निघाले की पोटात गोळा येतो. आई घरात पडून आणि मी मजेत फिरतेय! बाई लावू या म्हटलं तर मिस्टर म्हणतात, घरात नर्स असताना बाई लावली तर मंडळीत लोक काय म्हणतील? एका बहिणीने सांगितलं, प्रभूची सेवा करणाऱ्याला थकवा येत नाही, यशया चाळीस वाच. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, उपास धरला तर दुसऱ्याच आठवड्यात उपासनेत चक्कर आली. प्रभूने आत्मत्याग करायला, वधस्तंभ उचलायला सांगितलंय. मग स्वतःकडे बघणं हा स्वार्थच ना? आजकाल प्रार्थनेला बसले की झोप लागते, आणि त्याचंच रडू येतं."
— खडकीची एक बहीण

खडकीच्या ताई, सलाम.

आधी शेवटच्या ओळीचं बोलते, कारण ती वाचून माझ्याच पोटात तुटलं. प्रार्थनेत झोप लागते म्हणून रडू नका. प्रभूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपले होते आणि लूक त्या झोपेचं कारणही लिहून ठेवतो: दुःखामुळे. लूक वैद्य होता, त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. प्रभू त्यांना उठवतो, दोन शब्द बोलतोही, पण देह अशक्त आहे हे तोच म्हणतो. दिवसभर वॉर्डात उभं राहून, घरी येऊन सासूबाईंना पुसून, भरवून, कूस बदलून मग साडेदहाला पवित्र शास्त्र उघडणाऱ्या बाईचा डोळा लागला, तर त्यात मला पाप काही दिसत नाही. साखर दिसते. ९.८ला माणूस पेंगतोच. आणि हे मी एका सिस्टरला सांगायचं म्हणजे गंमतच आहे.

आता थोडं माझं ऐका. पाळकाची बायको म्हणून मी बत्तीस वर्षं मिशन कंपाउंडमध्ये काढली. साहेबांची बदली झाली की मंडळी बदलायची, माझं काम तेच राहायचं. महिला मंडळ, शब्बाथ शाळा, कोणाकडे मयत, कोणाचं बाळंतपण आणि वर्षाअखेरीला नाताळचं प्रीतिभोजन. एका वर्षी दीडशे पानं होती. गुडघ्याएवढ्या पातेल्यात रस्सा उकळत होता, डाव माझ्या हातात. दोघी-तिघी म्हणाल्या, बाई, द्या इकडे, तुम्ही जरा टेका. मी म्हटलं, छे, तुम्हाला मिठाचा अंदाज नाही यायचा. त्यानंतरचं मला एकदम हॉस्पिटलचं छतच आठवतं. बीपी १९०च्या वर गेलं होतं. गोळी दोन महिने घेतलीच नव्हती, कारण स्ट्रिप संपली होती आणि आणायला वेळ नव्हता. केमिस्टचं दुकान आमच्या फाटकासमोर होतं, ताई. रस्ता ओलांडला की दुकान.

रस्सा मागे कोणीतरी पुरा केला. मीठ बरोबर पडलं होतं म्हणे. मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, हे आज कबूल करते.

तीन दिवस ॲडमिट होते. रात्री आठ वाजले की दोन सिस्टर माझ्या कॉटपाशी येऊन उभ्या राहायच्या. एक फाइल वाचायची, दुसरी ऐकायची. बीपी किती, सलाईन कितीचं लावलंय, लघवी किती झाली, सकाळी कुठलं रक्त पाठवायचंय. शेजारच्या कॉटवरची मावशी म्हणाली, "ओव्हर देतायत." तो शब्द मला तेव्हा पहिल्यांदा कळला. ओव्हर देऊन झाली की पहिली सिस्टर पर्स उचलायची, दारातून चप्पल घालायची आणि जायची. मागे वळून बघायचीसुद्धा नाही. पहिल्या रात्री मला ते कोरडं वाटलं. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की ती अशी जाते म्हणूनच दुसऱ्या दिवशी ताज्या चेहऱ्याने परत येते, आणि ती गेल्यावर मी काही मरत नाही, कारण दुसरीने ऐकून घेतलेलं असतं.

तुम्ही हे काम रोज करता. हॉस्पिटलात ओव्हर न देता तुम्ही कधी घरी गेला नसाल आणि ओव्हर दिल्यावर थांबलाही नसाल. घरी मात्र दीड वर्षात एकदाही ओव्हर दिलेली नाही. घ्यायला कोणी उभंच राहिलं नाही, आणि (रागावू नका) तुम्हीही कोणाला हाक मारली नाही.

घरी परतल्यावर मी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचली. शब्बाथ शाळेत ती मी किती वेळा शिकवली असेल याला गणती नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारा वाटसरू, लुटारू, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक), मग शोमरोनी, तेल, द्राक्षारस, पट्ट्या. मुलांना चित्र रंगवायला द्यायचं ते जनावरावर बसवलेल्या जखमी माणसाचं. गोष्ट आपण तिथेच थांबवतो. पुढची सकाळ कोणी रंगवत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात ती स्पष्ट आहे. त्या रात्री शोमरोन्याने उतारशाळेत त्याची काळजी स्वतः घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दीनार काढून उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर ठेवले, याच्याकडे बघ म्हणाला, वर काही खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला.

म्हणजे त्याने ओव्हर दिली. पैसे मोजून दिली! एक दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. दोन दिवसांची मजुरी एका परक्या माणसाच्या देखभालीला त्याने खर्च केली, आणि हा माणूस कर्तव्य टाळून गेला असं प्रभू कुठे म्हणत नाही. उलट, जा आणि तूही तसंच कर, असं म्हणतो. त्यात ती सकाळही आलीच.

तेव्हा बाई लावण्यात अविश्वास आहे हे डोक्यातून काढा. मिस्टरांना पुढचा परिच्छेद वाचायला द्या.

भाऊ, सलाम. तुमच्या आईंचं तुमच्या पत्नी दीड वर्ष करतायत, त्याबद्दल तुमच्या मनात मान असणार. पण "घरात नर्स आहे" हे वाक्य जरा तपासा. हॉस्पिटल त्या नर्सला ठरलेल्या तासांचा पगार देतं आणि मग घरी सोडतं. तुम्ही तिला कुठे सोडता? मंडळीतले लोक बोलतील, नक्की बोलतील. चार रविवार बोलतील, पाचव्या रविवारी त्यांना दुसरं कोणाचं तरी सापडेल. आईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तुम्ही घरात ऐकलं असेलच. रात्री दोनचा गजर आजपासून तुमच्या मोबाईलवर लावा. कूस कशी बदलायची हे शिकवायला घरात नर्स आहेच.

आता दिरांचं. पुण्यात विश्रांतवाडी आहे हे मला ठाऊक होतं, पण विश्रांती सगळी तिथेच राहायला गेलीय हे तुमच्या पत्रावरून कळलं. खडकीहून ते काही लांब नाही. आई दोघांची आहे. त्यांना वेळ नसेल तर दीनार त्यांनी काढावेत, आणि पैसे नसतील तर शनिवारची रात्र त्यांनी घ्यावी. हे सांगायचं काम मिस्टरांचं. वहिनी बोलली की त्याचं भांडण होतं, भाऊ बोलला की हिशेब होतो.

आणि ज्या मावशींना लावाल त्यांना आठवड्याची सुट्टी ठरवून द्या. आपलं ओझं उचलून एका गरीब बाईच्या डोक्यावर चोवीस तास ठेवायचं आणि स्वतः स्तोत्रसंहिता उघडून बसायचं, हे मला मान्य नाही. चौथी आज्ञा नीट वाचा. विसाव्याच्या दिवसाची यादी आहे तिथे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर बैल आणि गाढवही नाव घेऊन येतात. यादीत बायको नाही! एका बायबल अभ्यासात मी हे विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, अगं, "तू" म्हटलंय त्यात ती आली. त्या "तू"मध्ये मी येते हे मला पन्नाशीत कळलं. तोवर आमचा रविवार म्हणजे उपासनेनंतर दहा माणसांचं मटण.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचं. ज्या बहिणीने तो वाचायला सांगितला तिने शेवटचंच वचन वाचलं असावं, गरुडाच्या पंखांचं. त्याच्या आधीची दोन वचनं बघा. तरुणसुद्धा थकतात, भागतात, ठेचकाळून पडतात असं लिहिलंय, आणि देव शक्ती देतो ती थकलेल्याला. मी थकलेच नाही म्हणून जी ताठ उभी आहे तिने हात पुढे केलेलाच नाही, तिला द्यायचं कुठे? त्या बहिणीला दुखवू नका, पण प्रीतिभोजनाचा डाव एकदा तिच्या हातात द्या.

आमच्याकडे अशा वेळी कोणीतरी पंडिता रमाबाईंचं नाव काढतंच. रमाबाई कधी बसल्या का, म्हणतात. खरं आहे, १९२२ साली गेल्या तोवर त्या बायबलच्या भाषांतरावर काम करत होत्या. पण केडगावचं मुक्ती मिशन त्या एकट्या चालवत नव्हत्या. शेत होतं, विणकाम होतं, छापखाना होता, मुलगी मनोरमाबाई होत्या, मिशनरी मिनी एब्रम्स होत्या, आणि मोठ्या मुलींवर धाकट्यांची जबाबदारी होती. शेकडो जणींचा संसार एका बाईच्या पाठीवर उभा राहत नाही.

मग आत्मत्याग? तुमच्या पत्रातला हा खरा प्रश्न आहे आणि तो मी झटकणार नाही. वधस्तंभ ही काही नुसती बोलायची गोष्ट नव्हे. सासूबाईंचं करताना तुमचं आयुष्य खर्च होणार आहे, त्याला इलाज नाही, आणि स्वतःचे लाड करा, चेहऱ्याला लेप लावा, सगळं ठीक होईल असं सांगणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. मला एवढंच विचारायचंय की त्याग कोणत्या "मी"चा करायचा? माझ्यापुरतं सांगते. वेळेवर जेवणारी, गोळी घेणारी, दुपारी पाठ टेकणारी "मी" तर मी केव्हाच टाकली होती, त्याचं मला काही वाटतही नव्हतं. मला सोडवत नव्हती ती दुसरी. "बाई होत्या म्हणून झालं" हे ऐकायला आवडणारी. मिठाचा अंदाज फक्त तिलाच होता. तिला नाही म्हणणं मला जेवण सोडण्यापेक्षा शंभरपट जड गेलं. अजून जातं. तुमच्यात ती आहे की नाही ते तुम्ही बघा. फिरायला निघताना पोटात गोळा येतो तो कोणाच्या पोटात येतो, तेही बघा.

आणि वधस्तंभाचं म्हणाल, तर दर गुड फ्रायडेला आपण तीन तास बसून प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकतो. त्यातला तिसरा काय आहे? खाली आई उभी आहे, शेजारी प्रिय शिष्य. प्रभू आईला म्हणतो, हा तुझा मुलगा. शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. योहान लिहितो की त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. देवाच्या पुत्राने, वधस्तंभावर असताना, आपल्या आईची ओव्हर दिली. मी हा उद्गार लहानपणापासून ऐकत आलेय. हॉस्पिटलातून आल्यानंतरच्या गुड फ्रायडेला तो ऐकला तेव्हा मला रुमाल काढावा लागला, आणि साहेबांना वाटलं माझं बीपी पुन्हा वाढलं.

लेंटच्या उपासाबद्दल फार लिहीत नाही. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर काय होतं हे तुम्ही कॅज्युअल्टीत बघितलं असेल. आजाऱ्याने उपास धरलाच पाहिजे असा नियम मी कुठल्याच मंडळीत ऐकलेला नाही. भस्म बुधवार ते ईस्टर दिवस मोजले तर ४६ भरतात, आपण म्हणतो ४०, कारण मधले सहा रविवार उपासात धरतच नाहीत. लेंटलासुद्धा सुट्ट्या आहेत. पुढच्या वर्षी काही सोडायचंच असेल तर महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला उत्तरं देणं सोडा. आणि पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारींवर काय लिहिलं ते पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. अजून प्रार्थना कर असं लिहिलेलं नाही. नुसतं पाणी पिऊ नको, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं लिहिलंय. तुमच्या बाबतीत द्राक्षारसाच्या जागी मेटफॉर्मिन समजा, नाहीतर पाळकसाहेब माझ्यावर रागवायचे.

बाई परवडत नसेल तर? हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी धरून चालते की हात सढळ नसेल. मग मंडळीकडे मागा. सासूबाईंसाठी प्रार्थना करायला दर महिन्याला पाच-सहाजणी येत असतील. चहा कोण करतं? तुम्हीच. त्यांना सांगा, पुढच्या वेळी दोघीच या, दोन तास आईंपाशी बसा, त्यांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी म्हणून दाखवा आणि मला बाहेर जाऊ द्या. काहींना राग येईल. दोघी येतील. मला दोघीच मिळाल्या होत्या आणि पुरल्या.

त्या दोन तासांत खडकी कँटोन्मेंटच्या झाडांच्या रस्त्याने चाला. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत घरून फोन येईल, याची तयारी ठेवा. प्रभूने शिष्यांना विसाव्यासाठी एकांतात नेलं, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि पोहोचतात तो लोक आधीच येऊन बसलेले. पाच हजार पुरुषांचं जेवण झालं त्या दिवशी. पण मार्कचा सहावा अध्याय पुढे वाचा. त्याच संध्याकाळी त्याने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे धाडलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. मोडलेली वेळ त्याने पुन्हा मिळवली. तुमचं सोमवारचं चालणं मोडलं तर मंगळवारी जा.

परत आल्यावर चहा प्या, बिनसाखरेचा, आणि खुर्चीत बसून प्या. ओट्यापाशी उभं राहून एक घोट आणि सासूबाईंच्या हाकेला एक फेरी असा नको. १८९० साली आपल्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या चहापानावरून पुण्यात एवढा गदारोळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघाल्या. तुमच्या चहाला कोणी प्रायश्चित्त मागणार नाही. मिस्टरांनी मागितलं तर माझा नंबर संपादकांकडे आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. येता-जाता रडू येणं, सकाळी उठावंसं न वाटणं, हे पंधरा दिवसांपेक्षा जास्त चाललं असेल तर साखरेच्या डॉक्टरांनाच तेही सांगा. सरकारची टेली-मानस म्हणून फोनसेवा आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हॉस्पिटलातल्या ओळखीच्यांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर तिथून सुरुवात करा. पाळकसाहेबांशीही बोला, दोन्ही करा.

शब्बाथ शाळेचा वर्ग सोडू नका. पत्रात तुम्ही सगळ्या कामांची नावं थकून लिहिली आहेत, पण मुलांमध्ये बसलेली बाई ताजी होऊन उठते असा माझा अनुभव आहे. सेक्रेटरीपद सोडा. महिला मंडळाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असणार, सेक्रेटरीकडेच असते, कप-बशा आणि मोठी पातेली त्यातच असतात. पुढच्या मीटिंगला ती पर्समधून काढून टेबलावर ठेवा आणि काही बोलू नका. बराच वेळ कोणी हात लावणार नाही. त्या वेळात किल्ली परत उचलायची नाही, एवढं मात्र सांभाळा.

साखरेचा पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी येईल. आकडा काय आला ते कळवा, आणि किल्ली कोणी उचलली तेही.

तुमची,
बाई